बॉयलर नवा, इंजिन तेच

आमचं छोटं वाफेचं इंजिन बघायला कुणी जाणकार आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ओरिजिनल आहे का हो?" अण्णांना हा प्रश्न टोचतो. मी सरळ सांगून टाकते की फ्रेम, चाकं, सिलिंडर, कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्ह गिअर सगळं जुनं आहे आणि बॉयलर नवा आहे. मग समोरच्याचा चेहरा उतरतो. "अरेरे, मग काय उरलं!" असंही एकदा एका गृहस्थांनी म्हणून दाखवलं. काय उरलं ते नीट सांगावं म्हणून हे लिहितेय.

इंजिन पाच इंच गेजचं आहे, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १२७ मिलिमीटर. चाकं चार, पुढे-मागे आधाराची चाकं नाहीत, पाण्याच्या टाक्या दोन्ही बाजूंना. रेल्वेच्या भाषेत ०-४-० टँक इंजिन. खेळणं म्हणावं तर उचलायला दोन धडधाकट माणसं लागतात. खऱ्या दगडी कोळशावर, खऱ्या वाफेवर चालतं आणि मागच्या ट्रॉल्यांवर बसलेली पाचसहा मुलं सहज ओढून नेतं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये साठच्या दशकात कुणीतरी ते फावल्या वेळात घडवलं. फ्रेमच्या आतल्या बाजूला पंचने १९६७ एवढंच ठोकलेलं आहे, नाव नाही. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत, १९६२ची. तिथे तेव्हा एकेका शेडमध्ये असे हात होते की लेथवर काय वाट्टेल ते काढून देतील. पुढे त्यातले बरेच कारखाने बंद झाले, काचेच्या इमारती उठल्या. अण्णा ज्या कारखान्यात फिटर होते तोही मिटला, आणि मशिनं लिलावात गेली त्या आठवड्यात कपाटामागे पडलेलं हे इंजिन अण्णांनी भंगाराच्या भावाने वजन करून विकत घेतलं.

अण्णा माझ्या सासऱ्यांचे मित्र. मी ऐरोलीत राहते आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात बॉयलर बघते. राज्याची बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा दिलेली आहे, त्यामुळे लग्नानंतर घरात कुकरची शिट्टी बिघडली तरी मलाच हाक. अण्णांनी इंजिन घरी आणलं तेव्हाही सासऱ्यांनी त्यांना सांगितलं, "सूनबाईला दाखव." तेव्हापासून अण्णाही मला सूनबाईच म्हणतात.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोशन, म्हणजे चाकं फिरवणारे दांडे आणि सांधे, गंजाने जाम होतं, पण ते काही गंभीर दुखणं नव्हे. रॉकेल आणि गिअर ऑइलच्या मिश्रणात भिजत ठेवलं, रोज थोडं हलवलं, सुटलं. सिलिंडर उघडले तर आत बिडाच्या पिस्टन रिंगा तुटलेल्या, पण बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, चांगला. पावणेदोन इंची बोअर इतक्या वर्षांनंतर बोटाला गुळगुळीत लागत होता. ज्याने केला त्याला मनापासून नमस्कार. अण्णांनी नव्या रिंगा कातल्या, व्हॉल्व्हच्या जागा घासल्या, कॉम्प्रेसरच्या हवेवर चाकं फिरवून पाहिली. चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके ऐकू यायला हवेत, कारण दोन सिलिंडर आणि प्रत्येकात पिस्टनच्या दोन्ही बाजूंना वाफ. चारही ठोके सारखे हवेत. आमचा एक ठोका लंगडत होता. व्हॉल्व्ह हलवणारी चकती म्हणजे एक्सेंट्रिक, तो शाफ्टवर किंचित सरकला होता, तो जागेवर आणल्यावर ठोके सारखे झाले. अण्णा त्या दिवशी चहा घ्यायचंही विसरले.

हवेवर चाललं म्हणजे वाफेवर चालेल असं नाही. अण्णांना दुसऱ्याच दिवशी आग पेटवायची होती. मी म्हटलं, आधी बॉयलर माझ्या ताब्यात द्या.

बॉयलर बाहेरून देखणा होता. तांब्याचं पाच इंची नळकांडं, मागे आग पेटवायचा फायरबॉक्स, आत त्या आगीचा धूर नेणाऱ्या अग्निनळ्या. मी सेफ्टी व्हॉल्व्ह काढला आणि तो ज्या बुशात बसतो त्याच्या आट्यांवर बॅटरी मारली. बुश पितळेचं होतं. पितळ पिवळं दिसायला हवं. हे मात्र आतल्या बाजूने गुलाबीसर, तांब्यासारखं झालं होतं. स्क्राइबरचं टोक हलकेच टेकवलं तर ते धातूवर सरकलं नाही, आत रुतलं, आणि लालसर भुकटी सुटली.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. गरम पाण्यात वर्षानुवर्षं राहिलं की त्यातलं जस्त विरघळून निघून जातं आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा राहतो. आकार तोच, माप तेच, आटेही दिसायला शाबूत, ताकद मात्र गेलेली. म्हणूनच बॉयलरच्या पाण्याला लागणाऱ्या भागांत पितळ वापरत नाहीत, गनमेटल किंवा ब्राँझ वापरतात. त्यात जस्ताऐवजी मुख्यतः कथील असतं. १९६७च्या त्या कारागिराला हाताशी पितळ मिळालं, त्याने ते वापरलं. त्या काळी माल मिळवणं किती जिकिरीचं होतं हे अण्णाच सांगतात.

एखाद-दुसरं बुश असतं तर बदललं असतं. पण फायरबॉक्सचे स्टेही पितळी निघाले. स्टे म्हणजे फायरबॉक्सची आतली आणि बाहेरची सपाट भिंत एकमेकींना धरून ठेवणारे बोल्ट. गोल नळकांडं दाब आपोआप झेलतं, सपाट पत्रा मात्र फुगायला बघतो. त्याला फुगू न देणं हेच स्टेचं काम. मी बॉयलर काठोकाठ पाण्याने भरला, हातपंप लावला आणि फायरबॉक्सच्या बाजूला केसाएवढी हालचालही दाखवणारा डायल गेज टेकवून ठेवला. ही तपासणी थंड पाण्यानेच करायची, हवेने कधीही नाही. पाणी दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे फुटलंच तर एक पिचकारी उडते आणि दाब संपतो. हवा भरलेली असेल तर तुकडे उडतात.

या मापाच्या बॉयलरला दर चौरस इंचाला ८० पौंड दाब चालतो, आणि जुन्या बॉयलरची तपासणी त्याच्या दीडपट, म्हणजे १२० पौंडांवर करायची रीत आहे. आम्ही १२०ला पोचलोच नाही. नव्वदच्या आसपास डायल गेजचा काटा हलायला लागला. अण्णा म्हणाले, "थोडा हलणारच." मी दाब सोडला. प्रेशर गेज शून्यावर आला, डायल गेज आला नाही. पत्रा फुगला होता आणि फुगलेलाच राहिला होता.

"अण्णा, हा बॉयलर पेटवायचा नाही."

"अगं, पन्नास पौंडांवर चालवू. हळूहळू."

"पन्नासवरही नाही. मुलं मागे बसणार आहेत."

अण्णा काही बोलले नाहीत. हातात कापड होतं, त्याने बॉयलर पुसत राहिले. मग म्हणाले, "त्याने केलेला आहे गं तो. त्याच्या हातचा."

त्यांचं दुःख मला कळत होतं. ज्या माणसाचं नावही माहीत नाही त्याच्या कष्टाची ही निशाणी होती, आणि मी ती बाजूला काढायला सांगत होते. तरी माझं मत आजही तेच आहे. वाफेचं इंजिन जपायचं असेल तर ते चालतं राहिलं पाहिजे, आणि चालतं राहायचं असेल तर त्याच्या बॉयलरला आयुष्य संपवू दिलं पाहिजे. बॉयलर हा इंजिनाचा झिजणारा भाग आहे. आग, पाणी, दाब, तापणं, गार होणं, सगळं त्याच्या वाट्याला येतं.

वाफेच्या खऱ्या काळात रेल्वेनेही हेच केलं. इंजिन वर्कशॉपमध्ये आलं की फ्रेम आणि चाकांचं काम आधी उरकायचं, बॉयलरला जास्त वेळ लागायचा. मग ते इंजिन आपल्या बॉयलरची वाट बघत थांबायचं नाही. त्याच जातीच्या दुसऱ्या इंजिनाचा तयार झालेला बॉयलर त्याच्यावर चढवून त्याला कामाला धाडायचे. इंग्लंडच्या प्रसिद्ध फ्लाइंग स्कॉट्समनचंच घ्या. १९२३ सालचं इंजिन. मधली कित्येक वर्षं ते दुसऱ्याच जातीच्या, ए-४ वर्गातल्या इंजिनासाठी बनलेला बॉयलर घेऊन धावत होतं. २०१६मध्ये मोठ्या दुरुस्तीनंतर ते परत रुळावर आलं तेव्हा बघायला लोक रुळांच्या कडेला गर्दी करून उभे होते. तिकडच्या हौशी रेल्वेंवर साधारण दहा वर्षांनी बॉयलर पुरता उघडून बघावाच लागतो, त्याशिवाय पुढची परवानगी नाही. या हौशी रेल्वेंची सुरुवात १९५१ला वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेपासून झाली. बंद पडायला आलेली लाइन स्वयंसेवकांनी चालवायला घेतली, आणि ती आजही चालते, कारण ते लोक भाग बदलायला कचरले नाहीत.

माझं माहेर नेरळचं. माथेरानची गाडी १९०७ला सुरू झाली, दोन फुटी गेजवर. तिच्यासाठी ओरेनस्टाइन आणि कोपेल या जर्मन कंपनीची खास इंजिनं आणली होती. घाटातली वळणं इतकी तीव्र की सहा चाकांचं साधं इंजिन अडकलं असतं, म्हणून त्यांच्या पहिल्या आणि शेवटच्या आसांना पोकळ नळीसारखं करून आत दुसरा आस बसवला होता. बाहेरची नळी चाकांसकट वळणाबरोबर थोडी फिरायची. क्लीन-लिंडनर पद्धत म्हणतात त्याला. १९८२पर्यंत ती इंजिनं वाफेवर चढत होती. माझ्या आईने लहानपणी त्यांचा धूर खाल्लाय. मी पाहिलं ते उभं करून ठेवलेलं, रंग दिलेलं इंजिन. मी त्याला हात लावून बघायची, उन्हाने तापलेलं असायचं, तेवढीच त्याची ऊब. अशी उभी इंजिनं ठेवायलाच हवीत, त्यांत मूळ धातू शाबूत राहतो, पुढच्यांना मोजमाप घेता येतं. पण आतला तो पोकळ आस नेमका कसा वळतो ते उभ्या इंजिनात कधीच दिसत नाही. दिल्लीच्या बाजूला १८५५चं फेअरी क्वीन १९९७मध्ये परत धावायला लागलं याचं मला म्हणूनच फार अप्रूप आहे.

तर बॉयलर नवा करायचा ठरला. अण्णांनी होकार दिला असं म्हणता येणार नाही. एका सकाळी त्यांनी जुन्या बॉयलरची मापं घेऊन कागदावर उतरवायला सुरुवात केली, एवढंच.

तांब्याचा पत्रा, नळ्या आणि गनमेटलचा रॉड मुंबईहून आला. नागदेवी स्ट्रीटला मी आणि अण्णा दोन-तीन दुकानं पालथी घालून आलो. गनमेटल म्हणून पितळ माथी मारलं जाऊ शकतं, त्यामुळे प्रत्येक रॉडचं टोक कानशीने घासून रंग बघूनच घेतला. पत्र्याच्या कडा वळवायला बाभळीच्या लाकडाचे साचे अण्णांनी केले. तांबं ठोकत गेलं की कडक होतं, मग ऐकत नाही, चिरतं. पुन्हा लाल होईपर्यंत तापवायचं, पाण्यात बुडवायचं, की परत मऊ. पोलाद असं बुडवलं तर कडक होईल, तांबं मऊ होतं. एक तांबटकाका दोन रविवार येऊन बसले आणि त्यांच्या हातोडीखाली तो पत्रा कसा वळला ते मी डोळ्यांनी पाहिलं. ठोका पडायचा तो कडेपासून आत, प्रत्येक ठोक्याला पत्रा बोटभर फिरवलेला, एकही सुरकुती नाही. अण्णा एवढे कसलेले फिटर, तेही गप्प बसून बघत होते.

मग डाख. साधा कथलाचा डाख इथे कामाचा नाही. ८० पौंडांवरची वाफ १६० अंशांच्या वर असते, आणि पाणी कमी पडलं तर फायरबॉक्स त्याहून कितीतरी जास्त तापतो. चांदीचा डाख लागतो, तो सव्वासहाशे-साडेसहाशे अंशांना वितळतो. आधीचा सांधा पुढच्या तापात सुटू नये म्हणून पहिल्या सांध्यांना जास्त तापमानाचा डाख, नंतरच्यांना कमी तापमानाचा. सगळ्या सांध्यांना टाकणखाराचा लेप, भोवती अग्निविटांची भिंत, दोन मोठे बर्नर. तांबं उष्णता इतक्या भराभर पसरवतं की एका सांध्यासाठी अख्खा बॉयलर तापवावा लागतो. अंधारातच हे काम करायचं, उजेडात रंग कळत नाही. तांबं मंद लाल झालं की डाखाची तार टेकवायची. योग्य ताप असेल तर ती चांदीची रेघ सांध्याभोवती क्षणात पळत जाते, पाण्यासारखी. ताप कमी असेल तर गोळा होऊन बसते. शेवटी लिंबूसत घातलेल्या पाण्यात बॉयलर रात्रभर ठेवला, टाकणखाराची काच निघाली आणि सकाळी गुलाबी तांबं वर आलं.

नव्या बॉयलरची पहिली तपासणी दुप्पट दाबावर, १६० पौंडांवर. एका नळीच्या तोंडाशी पाण्याचा बारीक मणी दिसला. पुन्हा टाकणखार, पुन्हा ताप, पुन्हा पंप. अर्धा तास काटा जागचा हलला नाही. डायल गेजही दाब सोडल्यावर शून्यावर आला. नंतर वाफेवरची दुसरी तपासणी: रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप) बंद, आग जोरात, ब्लोअर (धुराड्यात वाफ सोडून आग फुलवणारा झोत) उघडा, आणि सेफ्टी व्हॉल्व्हने एकट्याने सगळी जास्तीची वाफ सोडून दाब ८८ पौंडांच्या वर जाऊ द्यायचा नाही. त्याने जाऊ दिला नाही.

कायद्याचंही कुणी कुणी विचारतं. बॉयलर कायद्याच्या व्याख्येत २५ लिटरच्या आतलं भांडं येत नाही. आमच्या बॉयलरमध्ये पाच लिटरही मावत नाहीत, म्हणजे सरकारी तपासणी लागू नाही. मला वाटतं म्हणूनच जास्त जबाबदारीने वागायला हवं. कारखान्यात ठेवते तशीच वही इथेही ठेवली आहे. दरवर्षी दीडपट दाबाची तपासणी, तारीख, काय बदललं, कुणी बघितलं. वहीत सही झाल्याशिवाय काडी ओढायची नाही. अण्णाही ओढत नाहीत.

रूळ आहेत घोडबंदर रोडला, ओवळ्याच्या पुढे, ओळखीतल्या एका नर्सरीत. २५ बाय १० मिलिमीटरची लोखंडी पट्टी उभी लावून पट्ट्यांवर वेल्ड केलेली, शोभेच्या झाडांच्या वाफ्यांभोवती एक लांबट वळसा. वळणावर गेज दोन-तीन मिलिमीटर सैल ठेवलंय, नाहीतर चाकाची कड घासते.

दरवर्षी १६ एप्रिलला आम्ही आग पेटवतोच. १८५३ साली त्या दिवशी बोरीबंदरहून दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी निघालेली गाडी ठाण्याला आली, १४ डबे, ४०० पाहुणे आणि साहेब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. ठाणेकर मुलांना ही तीन नावं यायला हवीत असं माझं ठाम म्हणणं आहे, आणि ती नावं तोंडपाठ होतात ती इंजिनामागे बसल्यावरच.

सकाळी आधी पाण्याच्या काचेची परीक्षा. काचेत पाणी दिसतंय यावर विश्वास ठेवायचा नाही. खालचा कॉक उघडून काच रिकामी करायची, बंद करायचा, पाणी झटकन वर उसळलं तर वाट मोकळी. सावकाश चढलं तर कुठेतरी क्षार अडकलाय, मग पेटवणं रद्द. त्यानंतर रॉकेलमध्ये भिजवलेला लोणारी कोळसा, धुराड्यावर ओढ देणारा छोटा पंखा, आणि तो पेटला की वर दगडी कोळसा, वाटाण्याएवढा फोडून चाळलेला. आपल्याकडच्या बऱ्याच कोळशात राख फार, तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत. एवढ्याशा जाळीवर ती राख वितळून खडे होतात आणि हवा कोंडते. इंडोनेशियाचा कोळसा आणला तर राख कमी, पण धूर इतका की मुलांचे डोळे चुरचुरतात. सध्या वखारवाला दक्षिण आफ्रिकेचा म्हणून देतो तो बरा चाललाय.

एप्रिलमध्ये खरी अडचण इंजेक्टरची. इंजेक्टर म्हणजे वाफेच्याच झोताने टाकीतलं पाणी खेचून त्याच बॉयलरमध्ये ढकलणारी बोटभर लांब वस्तू. आत तीन निमुळते शंकू. गार पाणी मिळालं की वाफ त्यात झटकन विरते, त्यातून वेग तयार होतो आणि तो वेग बॉयलरचा दाब ढकलून आत शिरतो. पाणी कोमट असेल तर वाफ पुरती विरत नाही, इंजेक्टर थुंकत बसतो. एप्रिलच्या ठाण्यात उन्हात उभ्या टाकीतलं पाणी कोमटाच्याही पुढे जातं, त्यात टाक्या बॉयलरला खेटून. म्हणून त्या दिवशी बर्फाची लादी आणतो. पाणी थर्मासच्या पिंपात बर्फ घालून ठेवायचं आणि टाकीत थोडं थोडं ओतायचं. मुलांना वाटतं बर्फ सरबतासाठी आणलाय. त्यांनाही त्यातलं मिळतंच.

पाणी कुठलं वापरायचं यावर मी काही ऐकून घेत नाही. नर्सरीत बोअरवेल आहे आणि ते पाणी झाडांना चालतं. माझ्या हार्डनेस किटमध्ये त्या पाण्याचा लाल रंग निळा व्हायला थेंबावर थेंब टाकावे लागले. ते पाणी बॉयलरमध्ये उकळलं की नळ्यांवर पांढरा थर, आणि मीठ वाढलं की फेस येऊन पाणीच वाफेबरोबर सिलिंडरमध्ये. पाणी आकसत नाही, मग पिस्टनचा रॉड वाकतो नाहीतर सिलिंडरचं झाकण तडकतं. आमच्याकडे पाऊस देवदयेने भरपूर. शेडच्या पत्र्यावरून पहिले काही दिवस पाणी वाहून जाऊ देतो, मग झाकणाच्या पिंपांत साठवतो. जुलैचं पाणी एप्रिलमध्ये वाफ होतं. चालवून झालं की थोडा दाब असतानाच खालचा ब्लोडाउन कॉक उघडायचा, तळाचा गाळ जोरात बाहेर फेकला जातो.

तेलाचंही सांगायला हवं, कारण नवे हौशी लोक मोटारचं इंजिन ऑइल घालतात. ते ओल्या वाफेत दुधासारखं होऊन धुतलं जातं. स्टीम सिलिंडर ऑइल वेगळं येतं, काळपट, काकवीसारखं घट्ट. ते ज्या डबीत भरतात तिच्यात एकही हलणारा भाग नाही. वाफ आत येऊन गार होते, तिचं पाणी तळाशी बसतं, आणि जेवढं पाणी बसलं तेवढं तेल वरच्या बारीक भोकातून सिलिंडरकडे ढकललं जातं. पुरेसं जातंय की नाही ते बघायला अण्णा धुराड्याच्या कडेवर बोट फिरवतात. बोट तेलकट झालं पाहिजे.

पावसाळ्यात इंजिन चालत नाही. आपल्या दमट हवेत उघडं बीड एका रात्रीत तांबूस होतं. शेवटच्या फेरीनंतर सिलिंडर गरम असतानाच त्यात तेल सोडून चाकं हाताने फिरवायची, बॉयलरचे सगळे प्लग काढून तो पुरता सुकवायचा. मग जून ते सप्टेंबर दुरुस्तीचे महिने.

जुना बॉयलर अण्णांच्या फडताळात होता, बुशांना चिठ्ठ्या लावलेल्या. गेल्या वर्षी मी त्यांना म्हटलं, तो मधोमध उभा कापू या. आतल्या नळ्या, फायरबॉक्स, स्टे, सगळं मुलांना दिसेल. अण्णांनी बरेच महिने उत्तर दिलं नाही. मग एका रविवारी गेले तर बॉयलर व्हाइसमध्ये होता आणि अण्णा त्यावर रेघ आखत होते. कापला तोही त्यांनीच, करवतीने, ग्राइंडर लावू दिला नाही. आता तो नर्सरीत टेबलावर असतो. मुलं नळ्यांमध्ये बोटं घालतात, एका बाजूने फुंकतात, आणि ओरिजिनल विचारणाऱ्यांनाही मी तिथेच नेते. त्या कारागिराने आत काय केलं होतं ते साठ वर्षांत पहिल्यांदाच कुणी बघतंय. पितळी स्टेचा कापही दिसतो, कडेने लाल आणि मध्ये थोडासाच पिवळा.

या पावसाळ्यात उजव्या सिलिंडरचा स्लाइड व्हॉल्व्ह, म्हणजे आत वाफ सोडणारी सरकती झडप, उघडलाय, कारण मे महिन्यात उभ्या इंजिनाच्या धुराड्यातून वाफ हलकेच निसटताना दिसत होती. व्हॉल्व्हचा तळ काचेवर ग्राइंडिंग पेस्ट लावून आठच्या आकड्यात घासायचा, सगळीकडे एकसारखी करडी छटा येईपर्यंत. एक कोपरा अजून चमकतोय. अण्णा म्हणतात गणपतीच्या आधी होईल. इंजेक्टरचे शंकू लिंबूसतात टाकलेत, एक्सल पंपाच्या, म्हणजे आसावर चालणाऱ्या पाण्याच्या पंपाच्या, गोळ्या नव्या घ्यायच्या आहेत, आणि दसऱ्याला पाण्याची तपासणी करून वहीत सही.